प्रथमावृत्ती डिसेंबर, खोकी आली जानेवारीत : कथासंग्रह कुठल्या वर्षाच्या पुरस्काराला पाठवू?

बडोद्याची कॅशियर (१६ जानेवारी २०२६)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे. लिहायला आज बसले, तेही नड आली म्हणून.

मी बडोद्याची. दांडिया बाजारात माहेर, रावपुऱ्यात सासर, म्हणजे सगळा जन्म मैलभरात गेला. एका बँकेत ३३ वर्षं नोकरी, त्यातली निम्मी तरी कॅश काउंटरवर. कथा लिहायचं खूळ जुनं. दिवाळी अंकांतून वीसेक कथा आल्या. त्यातल्या १३ निवडून गेल्या वर्षी पुण्याच्या एका प्रकाशकांना दिल्या. १०० प्रती मी विकत घ्यायच्या, ही त्यांची अट. यावरून मला इथे कुणी शहाणपण शिकवू नका, ते घरात शिकवून झालं आहे.

पुस्तक डिसेंबरात देतो म्हणाले होते. आतल्या शीर्षकपानाच्या मागे छापलंही आहे, 'प्रथमावृत्ती : डिसेंबर २०२५'. पण डिसेंबरात पुस्तक काही आलं नाही. आधी छापखान्यात कॅलेंडरांची गर्दी, मग बाइंडरच्या घरी लग्न. माल पुण्याहून निघाला ८ जानेवारीला. बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, तीच तारीख आहे आणि बिल्टी मी जपून ठेवली आहे (सवय!). ट्रान्सपोर्टचा फोन आला १३ला, म्हणजे उत्तरायणाच्या, आमच्या पतंगांच्या संक्रांतीच्या, आदल्या दिवशी. टेम्पोवाला आमच्या पोळात, म्हणजे अरुंद गल्लीत, शिरायलाच तयार नाही. म्हणाला, "बेन, दोरी गळामां आवे छे." त्याचं तरी काय चुकलं, दरवर्षी कुणाचा ना कुणाचा गळा कापतो मांजा. शेवटी शेजारच्या मुलाला स्कूटर काढायला लावली आणि दोन खेपांत खोकी घरी आणली. वरच्या गच्चीतून काकी ओरडल्या, "बेन, चोपडी छपाई गई?" माझ्या पुस्तकाचं प्रकाशन म्हणाल तर ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांचा फोन. "ताई, महाराष्ट्र शासनाच्या २०२५ च्या वाङ्मय पुरस्काराला लगेच टाकू या. प्रथम प्रकाशन, लघुकथा विभाग. अजून वेळ आहे." मी म्हटलं, पुस्तक तर जानेवारीत झालं. तर म्हणाले, "छापलंय ना डिसेंबर? मग झालं. सगळेच करतात."

आता पाहा. त्या पुरस्काराला १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षात पहिली आवृत्ती निघालेलं पुस्तक लागतं. आणि 'प्रथम प्रकाशन' हा दरवाजा माणसाला एकदाच उघडतो, दुसरं पुस्तक काही पहिलं होत नाही. रक्कम ५०,००० रुपये. मला पैशाचा मोह नाही असं म्हणणार नाही, १०० प्रतींचे मोजलेत. पण ज्या बाईने लोकांचे चेक तारखेतल्या एका खाडाखोडीवरून परत केले, मागची तारीख घालून व्हाउचर पास करा म्हणणाऱ्या साहेबांशी दोनदा भांडण काढलं आणि त्यातल्या एका भांडणापायी डभोईला बदली भोगली, त्या बाईने आता स्वतःच्या पहिल्या पुस्तकावर मागची तारीख खपवायची?

दुसरं. व्हॉट्सॲपवर एका संस्थेचं पत्र आलं आहे. 'राष्ट्रीय कथासंग्रह पुरस्कार', प्रवेशशुल्क १,५०० रुपये, पुस्तकाच्या ३ प्रती, निवड झाल्यास राहण्याजेवणाचं ज्याचं त्याने पाहायचं. पाठवू का?

आणि मुलगा म्हणतो, आई, कथासंग्रहाला पुरस्कार देतं कोण, कादंबरी लिही. त्याचंही जमलं तर उत्तर द्या.

फर्मा (पुणे)

ताई, मी २६ वर्षं छपाईसाठी पुस्तकांची पानं लावतो आहे. शिशाच्या अक्षरांचे खिळे पाहिले नाहीत, कॉम्प्युटरवर, पेजमेकर या प्रोग्रामवर सुरुवात केली. त्यामुळे तुमच्या प्रकाशकांची बाजू आधी मांडतो, मग त्यांना शिव्या घालतो.

आतली पानं छापायला जातात ती १६-१६ पानांच्या फर्म्यांनी. तुमचं पुस्तक समजा १७६ पानांचं, तर ११ फर्मे. शीर्षकपान आणि त्यामागचं तारखेचं पान पहिल्याच फर्म्यात. तो फर्मा डिसेंबरच्या २० तारखेला यंत्रावर चढला, तर त्यावर डिसेंबरच पडणार. पुढे शेवटचे फर्मे, कव्हर, लॅमिनेशन, शिलाई, कटिंग यात १५ दिवस सहज जातात. म्हणजे ती तारीख लिहिताना कुणी खोटं बोललेलं नसतं. डिसेंबरात होईल अशा आशेने टाकलेली असते.

पण छापायला घेणं वेगळं आणि प्रकाशित होणं वेगळं. शिवलेलं, कापलेलं पुस्तक छापखान्यातून बाहेर पडलं, वाचकाला विकत मिळायला लागलं, की ते प्रकाशित. कायद्यालाही हा फरक कळतो. १९५४ च्या पुस्तक-प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. तुमच्या प्रकाशकांना विचारा, ती कधी पाठवली. गप्प बसले तर समजा पाठवलीच नाही. बहुतेक जण पाठवत नाहीत.

आता खरी गोम. तुम्ही आज सरळ वागलात आणि पुढच्या वर्षी २०२६ साठी पुस्तक पाठवलंत, तर टेबलावरचा माणूस तुमचं मन वाचणार नाही, तारखेचं पान वाचेल. तिथे डिसेंबर २०२५. पुस्तक बाजूला. म्हणजे आज खोटं बोलायचं नाही म्हणून पाठवायचं नाही, आणि पुढल्या साली खरं बोललात तरी कागद तुमच्या विरुद्ध. दोन्हीकडून गेलात.

म्हणून तारीख दुरुस्त करून घ्या, आत्ताच, प्रती बाजारात जायच्या आधी. पान बदलायची गरज नाही. 'प्रथमावृत्ती : जानेवारी २०२६' अशी पट्टी छापून त्या ओळीवर लावायची. प्रकाशकांकडच्या प्रतींवरही लावून घ्या, नाहीतर एकाच पुस्तकाच्या दोन जन्मतारखा फिरतील. आणि त्यांच्याकडून दोन ओळींचं पत्र घ्या. बिल्टी आहेच.

मधली कथा (नागपूर)

बिल्टी जपून ठेवणाऱ्या लेखिकेची कथा मला वाचायची आहे, आधी हे सांगते.

तारखेच्या बाबतीत तुम्ही एकट्या नाही. मराठीत यावरूनच सगळ्यांत मोठं प्रकरण झालं आहे, आणि तेही कथासंग्रहाचंच. जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मग प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उभा राहिला, की पुस्तक त्या मुदतीत बसतं की नाही. जीएंनी पुरस्कार परत करून टाकला. कथांच्या दर्जाबद्दल कुणाचं म्हणणं नव्हतं, भांडण फक्त तारखेचं. इतकी वर्षं झाली, पण ते पुस्तक हातात घेतलं की आधी तारखेचं पान उघडणारे लोक मला माहीत आहेत. मीही त्यातलीच.

तुमच्या मुलाला सांगा, साहित्य अकादमीने मराठीत २०१२ ला जयंत पवार, २०१६ ला आसाराम लोमटे, २०२१ ला किरण गुरव यांना पुरस्कार दिला तो कथासंग्रहांसाठीच. आणि मागच्याच वर्षी बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला, दीपा भास्ती यांनी केलेल्या, आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. कथासंग्रहाला ते पहिल्यांदाच मिळालं. १२ कथांचं पुस्तक, आणि त्या लिहिल्या गेल्या १९९० ते २०२३ एवढ्या काळात. तुमच्या २० दिवाळी अंकांना नावं ठेवणाऱ्यांना हा आकडा ऐकवा.

आता न विचारलेलं सांगते. एका छोट्या संस्थेच्या पुरस्कारासाठी मी तीन वर्षं परीक्षक होते. घरी गठ्ठे येतात. कादंबरी असली तर ५० पानांत कळतं, पुढे जायचं की नाही. कथासंग्रहाचं तसं नाही. पहिली कथा सगळ्यांचीच चांगली असते, कारण लेखकाने आणि प्रकाशकाने मिळून सर्वांत चांगली कथा पुढे ठेवलेली असते. शेवटचीही बरी असते. पुस्तक मार खातं ते मध्ये. सहावी, सातवी, आठवी. तिथे भरती सुरू होते. एका लेखकाच्या संग्रहात पहिली कथा वाचून मी उठून पाणी प्यायले होते, इतकी ती अंगावर आली. सातव्या कथेत त्याच नवऱ्याने त्याच खिडकीतून तोच पाऊस पाहिला. नवव्या कथेत परत पाऊस. दिवाळी अंकांत सुटी वाचताना, मध्ये वर्ष गेलेलं असताना, हे लक्षात येत नाही. एका पुस्तकात लागोपाठ आलं की लेखकाचं सगळं सामान उघडं पडतं.

१३ जरा जास्त वाटतात. छापून झालं, आता काही करता येणार नाही, पण पुढच्या वेळी ९ ठेवा.

राजवाड्यामागचा (इंदूर)

१,५०० चं उत्तर मी देतो, कारण मी भरलेत. तेव्हा १,१०० होते.

संस्थेचं नाव सांगणार नाही. सोहळा एका तालुक्याच्या गावी, मंगल कार्यालयात. मी इंदूरहून रात्रभर बस काढून गेलो. बाहेर फलकावर पुरस्कारविजेत्यांची यादी, मी मोजली, ४१ नावं. कथासंग्रहाचे सहा 'प्रथम'. भिया, सहा! एकेकाचं नाव पुकारायचं, शाल, नारळ, सन्मानचिन्ह, फोटो, पुढचा. नारळ स्टेजच्या मागच्या बाजूने परत येत होते, तोच नारळ दोनदा दिसला. सन्मानचिन्हावर माझ्या आडनावात काना कमी होता. बायको म्हणाली, परत पाठवा. मी म्हटलं, पाठवण्याचा खर्च नारळापेक्षा जास्त आहे. ते आता टीव्हीवर आहे, त्यावर रिमोट ठेवतो.

तर ताई, पुस्तकाच्या प्रती मागणारे पुरस्कार ठीक, प्रती वाचायला लागतात. वर लेखकाकडूनच पैसे मागतात ते पुरस्कार विकतात. सरळ हिशोब आहे, तुम्ही तर बँकेतल्या.

शासनाच्या पुरस्काराबद्दल एक राहिलं. त्यात आपल्यासारख्यांसाठी, महाराष्ट्राबाहेरच्या मराठीसाठी, वेगळाही एक आहे, सरफोजीराजे भोसले बृहन्महाराष्ट्र पुरस्कार. जाहिरात येईल तेव्हा दोन्ही विभागांच्या अटी नीट वाचा आणि कुठल्यात बसता ते ठरवा. मला स्वतःला त्या वेगळ्या पाटाचं जरा वाईटच वाटतं. शासनाचा प्रौढ वाङ्मयातला लघुकथेचा पुरस्कार ज्यांच्या नावाने आहे ते दिवाकर कृष्ण हैदराबादला वकिली करायचे. जीए धारवाडला इंग्रजी शिकवायचे. ग्वाल्हेरला १९६१ साली साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, कथालेखिका. आमच्या इंदूरला २००१ साली झालं, अध्यक्ष विजया राजाध्यक्ष, त्याही कथालेखिकाच. आता मराठी कथेच्या बाहेर कोण आणि आत कोण, तुम्हीच सांगा.

पण पुरस्कार मिळाला तर घ्या बरं. पाट वेगळा असला तरी पान तेच असतं.

पोळातला (बडोदे)

काकू, तुम्ही रावपुऱ्यातल्या म्हणजे मी तुम्हाला पाहिलं असणार, आणि चेकही परत घेतला असणार 😄

पुरस्काराच्या भानगडीत पडण्याआधी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत दोन प्रती नेऊन द्या. मी कॉलेजात असताना तिथल्या काचेच्या जमिनीवर चालायला घाबरायचो, खालच्या मजल्यावरच्या माणसाची सावली पायाखाली हलते. मराठीच्या कपाटांपाशी बसणारे आजोबा लोक अजून येतात. ते पुरस्कार बघून पुस्तक काढत नाहीत, हातात घेतात, मधलंच पान उघडतात. नागपूरच्या ताईंना आवडतील असे वाचक.

आणि नाकारायची हौस असेल तर बडोद्याला त्याचीही परंपरा आहे. आपल्याच विद्यापीठात गुजराती शिकवणाऱ्या सुरेश जोशींनी १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार नाकारला होता. पण त्यासाठी आधी मिळावा लागतो.

माझं मत विचाराल तर एवढ्या सोवळ्यात राहू नका. फर्मे डिसेंबरात छापले म्हणतात ना फर्मासाहेब, मग डिसेंबर म्हणजे अगदीच खोटं नाही. यंदा पाठवून द्या. वर्षभर कोण थांबतं?

मधली कथा (नागपूर)

पोळातल्यांशी मी सहमत नाही. पुरस्कार नाही मिळाला तर कुणी विचारणार नाही, बरोबर. मिळाला तर? ज्यांना मिळाला नाही त्यातला एक जण तरी खणत बसेल. ज्या ट्रान्सपोर्टने माल आला त्याच्याकडे बिल्टीची दुसरी प्रत आहे.

बडोद्याची कॅशियर (१९ जानेवारी २०२६)

सगळ्यांचे आभार. क्रमाने सांगते.

१,५०० भरत नाही. काल त्यांचा परत मेसेज आला, 'आपल्यासाठी खास सवलत, १,०००'. आमच्या खंडेराव मार्केटात भाजीवाल्या संध्याकाळी सातनंतर असाच भाव पाडतात.

प्रकाशकांशी बोलले. पट्टीचं ऐकून आधी हसले. मग म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी पुस्तक कुरूप करायचं का?" मी म्हटलं, हो. पुढे जरा वाजलं, ते इथे लिहीत नाही. पण त्यांच्याकडच्या प्रतींवर पट्टी लावायला तयार झाले आणि पत्रही देतो म्हणाले. कोलकात्याला प्रत पाठवली का विचारलं तर, फर्मासाहेब, तुम्ही म्हणालात तसेच गप्प बसले.

पोळातल्या, तू कोण ते मला कळलं आहे. तुझा चेक सहीसाठी परत आला होता, तारखेसाठी नाही. आणि वर्षभर थांबण्याचं म्हणशील तर मी पहिल्या कथेनंतर दुसरी छापून यायला चार वर्षं थांबले होते. लायब्ररीचं मात्र एकदम बराबर. शनिवारी जाऊन दोन प्रती देऊन आले. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "तारीख कुठली लिहू, पुस्तकातली की आजची?" मला हसूच फुटलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारी बरी दिसत नाही. त्या दोन प्रतींवर अजून पट्टी नव्हती, मी तिथेच बॉलपेनने डिसेंबर खोडून जानेवारी २०२६ लिहिलं आणि खाडाखोडीपाशी पूर्ण सही केली. नियमच आहे तो.

नागपूरच्या ताई, तुमचं वाचून रात्री माझंच पुस्तक पहिल्यांदा सलग वाचलं. नवरा पाऊस बघत नाही, तेवढं बरं. पण पाचव्या, आठव्या आणि अकराव्या कथेत एकेक बाई आहे आणि तिघीही भांडण झालं की गव्हाच्या डब्यात हात घालून बसतात. मी लिहिलं तेव्हा तीन वेगळ्या बायका होत्या. आता तीन वेळा मीच दिसते. तुम्ही म्हणता तशा ९ केल्या असत्या तर यातल्या दोन गेल्या असत्या. कुठल्या दोन, ते पहाटेपर्यंत ठरलं नाही. आठवी ठेवली असती बहुतेक.

आता पट्ट्या. शेजारच्या त्याच मुलाने कॉम्प्युटरवर ओळ जुळवून दिली, प्रिंट काढले. तो, त्याची बहीण आणि मी असे तिघं आज संध्याकाळी बसणार. त्यांच्या घरात उत्तरायणाचा डिंक उरला आहे, पतंग चिकटवायचा, तोच घेतो आहोत.

फर्मा (पुणे)

थांबा थांबा, डिंक नको! पान ओलं होऊन सुरकुततं आणि पुस्तक मिटलं की समोरच्या पानाला चिकटतं. स्टेशनरीत मागे चिकट असलेला लेबलांचा कागद मिळतो, त्यावर प्रिंट काढा. आणि पट्टी ओळीपेक्षा दोन मिलिमीटर मोठी कापा, नाहीतर खालच्या 'डिसेंबर'ची वेलांटी वर डोकावत राहील.